सात गडी आणि तीन जागा

खेळ ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. काही दमाचे, काही पाळीचे. कबड्डी आणि खो-खो हे दमाचे खेळ. तेथे विचार करीत उभा राहणारा गडी बाद होतो. बुद्धिबळ, सोंगट्या आणि पत्ते हे पाळीचे खेळ. आपली पाळी येईपर्यंत गप्प बसावे लागते. पण ती एकदा आली, की हवा तेवढा विचार करण्याचा हक्क आपल्याला असतो. मोबाइलवरील खेळांतही हा भेद आहे. या खेळांविषयी आपल्या महाविद्यालयात दोनच मते ऐकू येतात. प्राध्यापकांच्या खोलीत ‘वेळेचा अपव्यय’, आणि वसतिगृहात ‘एकदा खेळून तर पाहा’. परंतु असा खेळ आतून चालतो कसा, त्यात बुद्धीला वाव किती आणि नशिबाला किती, याविषयी कोणी फारसे बोलत नाही. प्रस्तुत लेखात एका पाळीच्या खेळाची यंत्रणा उलगडून पाहण्याचा प्रयत्न आहे. तो खेळ म्हणजे ‘ड्रॅगन बॉल झी डोक्कान बॅटल’.

चित्रकथेतून खेळाकडे

जपानमध्ये चित्रकथेला ‘मांगा’ म्हणतात. अकिरा तोरियामा या चित्रकाराची ‘ड्रॅगन बॉल’ ही मांगा १९८४ ते १९९५ या काळात ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि पुढे बेचाळीस खंडांत ग्रंथरूपाने आली. तोरियामा यांचे १ मार्च २०२४ रोजी निधन झाले. तोपर्यंत त्यांचा नायक गोकू जगभरच्या मुलांच्या ओळखीचा झालेला होता. या कथेचा उगम आपल्यालाही अगदी परका नाही. आरंभीच्या भागासाठी तोरियामा यांनी ‘पश्चिमेची यात्रा’ या जुन्या चिनी कादंबरीचा आधार घेतला, आणि गोकूचे नावही तिच्यातील वानरराजावरून आले. ती कादंबरी ज्या भिक्षूच्या प्रवासावर रचली आहे, तो ह्युएन त्संग सातव्या शतकात भारतात आला होता आणि पुलकेशीच्या काळातील महाराष्ट्राचे वर्णनही त्याने लिहून ठेवले आहे. इतिहासाच्या तासाला भेटणारा हा प्रवासी असा आडवाटेने मोबाइलच्या पडद्यापर्यंत पोहोचला आहे!

आकात्सुकी या जपानी कंपनीने तयार केलेला आणि बंदाई नामको या कंपनीने प्रसिद्ध केलेला हा खेळ २०१५ साली आला. ‘डोक्कान’ हा जपानी भाषेतील स्फोटाचा आवाज, म्हणजे आपला ‘धडाम’. नाव असे दणदणीत असले, तरी खेळ मात्र शांतपणे बसून खेळण्याचा आहे.

पाच रंगांचे चक्र

प्रत्येक पात्र पाच गुणांपैकी एका गुणाचे असते आणि प्रत्येक गुणाला एक रंग असतो. त्यांची नावे मराठीत सांगायची तर चपळाई, बळ, देह, बुद्धी आणि कौशल्य. चपळाई बळावर मात करते, बळ देहावर, देह बुद्धीवर, बुद्धी कौशल्यावर आणि कौशल्य पुन्हा चपळाईवर. हे चक्र असल्यामुळे कोणताही गुण सर्वश्रेष्ठ ठरत नाही. ‘सर्वांत चांगला गडी कोणता?’ हा प्रश्नच येथे अपुरा आहे, ‘कोणासमोर?’ हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. देह बुद्धीवर मात करतो हे पाहून परीक्षेच्या दिवसांत जागरण करणाऱ्यांना मौज वाटेल. पण खेळाचा नियम तसा आहे खरा.

सातांची फेरी

संघ सात जणांचा असतो. कबड्डीच्या मैदानावरही सातच गडी उतरतात, म्हणून हा आकडा आपल्याला सवयीचा आहे. सातांपैकी सहा आपले, आणि सातवा दुसऱ्या एखाद्या खेळाडूच्या संघाचा नायक, उसना घेतलेला. आपल्या सहांत एकाच नावाची दोन पात्रे घेता येत नाहीत. संघनायकाचा गुण साऱ्या संघाला लागू होतो आणि उसन्या नायकाचाही. समजा, प्रत्येक नायक आपल्या गटातील पात्रांची ताकद १७० टक्क्यांनी वाढवतो. मग मूळची १०० आणि दोन नायकांची मिळून ३४० अशी ती ४४० होते. म्हणून गोळा केलेले चांगले गडी म्हणजे चांगला संघ नव्हे. दोन्ही नायकांच्या गटात बसणारे गडी लागतात.

सात गडी एकदम लढत नाहीत. एका फेरीत तिघेच पुढे येतात, आणि त्या तिघांना पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या जागी कसे उभे करायचे ते आपण ठरवायचे असते. सारी गंमत या एवढ्याशा स्वातंत्र्यात आहे. पहिल्या फेरीत ज्यांना पहिल्या दोन जागा मिळाल्या, ती जोडी तिसऱ्या, पाचव्या, सातव्या फेरीत पुन्हा एकत्र येते. दुसऱ्या फेरीतील पहिल्या दोन जागांची जोडी चौथ्या, सहाव्या, आठव्या फेरीत येते. दोन जोड्यांचे चार गडी झाले. उरलेले तिघे आळीपाळीने तिसऱ्या गड्याची पाळी करतात, कधी या जोडीबरोबर तर कधी त्या.

याचा अर्थ असा, की पहिल्या दोन फेऱ्यांत केलेली मांडणी सबंध लढाईभर आपली सोबत करते. शत्रू अजून मोठे वार करू लागलेला नसतो, अशा निवांत वेळी कोणाला तिसऱ्या जागेवर ढकलले, याचे फळ आठव्या-दहाव्या फेरीत समोर येते. नवखा खेळाडू पहिल्या फेरीत ‘आत्ता जास्त मार कसा बसेल’ एवढेच पाहतो. मुरलेला खेळाडू ‘कोणती जोडी कायम राहावी’ हे आधी ठरवतो आणि गरज पडली तर पहिल्या फेरीतील थोडा मार सोडून देतो.

शेजाऱ्यांचे दुवे

जोडीला एवढे महत्त्व का? कारण शेजारी उभ्या असलेल्या दोन पात्रांमध्ये ‘दुवे’ जुळतात. प्रत्येक पात्राच्या पदरी काही नेमके दुवे असतात. तोच दुवा शेजाऱ्याकडेही असला तर दोघांनाही लाभ होतो. ‘सुपर सैयान’ नावाच्या दुव्याने दोघांचा हल्ला दहा टक्क्यांनी वाढतो. ‘लढाईस सज्ज’ अशा अर्थाच्या दुव्याने दोघांना दोन-दोन अंश प्राणशक्ती मिळते. एकत्र लढत गेलेल्या पात्रांचे दुवे पायरीपायरीने वाढून दहाव्या पायरीपर्यंतही जाऊ शकतात.

येथे मूळ कथेचे भान ठेवलेले दिसते. गोकू आणि व्हेजिटा हे कथेत एकमेकांचे वैरी म्हणून भेटतात, पण दोघेही सैयान वंशाचे. खेळात शेजारी उभे केले, की त्या वंशाचा दुवा जुळतो. हाडवैर आणि सोयरीक एकाच जागी असू शकतात, हे वाचकाने कथेत पानोपानी पाहिलेले असते. येथे त्याचा हिशेब टक्क्यांत होतो. दुवा फक्त लगतच्या शेजाऱ्याशी जुळतो. मधल्या गड्याला दोन शेजारी, कडेच्या दोघांना एकेकच. म्हणून ज्याचे दुवे दोन्हीकडे जुळतात त्याला मध्ये ठेवावे, हा साधा नियम सुचतो. तो नियम नेहमी पाळता मात्र येत नाही. का, ते पुढे येईल.

प्राणशक्तीचे गोळे

जपानी कल्पनेप्रमाणे देहात जे बळ वाहते त्याला आपण प्राणशक्ती म्हणू. शत्रू वर आणि आपले गडी खाली. मधल्या जागेत रंगीत गोळ्यांची मांडणी असते. आपण एक गोळा निवडला, की त्याला लागून असलेल्या त्याच रंगाच्या गोळ्यांची माळ तयार होते आणि ती सारी त्या गड्याला मिळते. आपल्या रंगाचा गोळा दोन अंश देतो, परक्या रंगाचा एक. सप्तरंगी गोळे कोणत्याही माळेत सामावले जातात. श्रेष्ठ पात्राला बारा अंश जमले, की त्याचा खास वार सुटतो. अतिश्रेष्ठ पात्रांना चोवीस अंशांपर्यंत साठवता येते आणि अठरापासून त्यांचा आणखी मोठा वार सुटतो.

यात मेख अशी, की गोळे तिघांत मिळून आहेत. पहिल्याने उचललेली माळ दुसऱ्याला मिळत नाही, आणि ती उचलल्याने मांडणीही बदलते. पहिल्या गड्याला बारा अंश पुरेसे असताना त्याला अठरा देऊन दुसऱ्याला उपाशी ठेवणे ही रोज दिसणारी चूक. अर्थशास्त्राचे विद्यार्थी हे चटकन ओळखतील: साधने थोडी, गरजा तीन, आणि वाटप आपल्या हाती.

मार कोणी खायचा?

आता त्या राहिलेल्या प्रश्नाकडे येऊ. शत्रू या फेरीत कोणत्या जागेवर किती वार करणार, याची खूण आपल्याला आधीच दिसते. त्यातील महावार कोणता हे बहुधा कळत नाही. पण पहिल्या जागेवर दोन वार येणार आणि दुसरी जागा मोकळी राहणार, एवढे दिसते. पहिल्या जागेवरील गड्याला पुष्कळदा स्वतः वार करण्यापूर्वीच मार खावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, आपल्याकडे तीन पात्रे आहेत. एकाचा बचाव मुळातच भक्कम आहे. दुसऱ्याचा बचाव सुरुवातीला दुबळा, पण स्वतःचा खास वार केल्यावर वाढणारा आहे. तिसऱ्याचा हल्ला मोठा आणि बचाव नावापुरता. शत्रूचे वार पहिल्या आणि दुसऱ्या जागेवर आहेत, आणि दुसऱ्या जागेवरील वार त्या गड्याने हल्ला केल्यानंतर येणार आहे. मग भक्कम गडी पहिल्या जागेवर, खास वारानंतर भक्कम होणारा दुसऱ्या जागेवर, आणि नाजूक गडी तिसऱ्या जागेवर. मात्र दुसऱ्याला बारा अंश मिळतील एवढे गोळे त्याच्या वाट्याला ठेवलेच पाहिजेत. ते राहिले नाहीत, तर त्याचा खास वार सुटणार नाही, बचाव वाढणार नाही आणि नंतर येणारा मार त्याला उघड्या अंगाने झेलावा लागेल. म्हणजे पहिल्या गड्याने किती गोळे उचलले यावर दुसऱ्याचा जीव अवलंबून असतो. आणि समजा, दुव्यांच्या हिशेबाने त्या नाजूक गड्यालाच मध्ये ठेवणे फायद्याचे होते? तर त्या फेरीपुरते दुवे सोडून द्यावे लागतात. रंग, दुवे, गोळे, जागा आणि पुढची फेरी असे पाच हिशेब एका वेळी करायचे असतात, आणि ते क्वचितच एकमेकांशी जुळतात.

काही पात्रांचे सामर्थ्य फेऱ्या लोटत जातील तसे वाढते; काही संघाची प्राणरेषा निम्म्यावर आल्याशिवाय रूप बदलत नाहीत. कथेत नामेक ग्रहावर, फ्रीझाने क्रिलिनला मारल्यावर, गोकू प्रथम सुपर सैयान होतो. आधी हानी, मग रूपांतर. खेळाने तोच क्रम नियमात बसवला आहे. हरण्याच्या काठावर थोडा काळ तग धरणे हीदेखील येथे खेळीच असते.

सोडत

येथवरचे वर्णन ऐकून वाचकांस वाटेल, की हा तर बुद्धिबळाचा धाकटा भाऊ! पण आतापर्यंत एक प्रश्न आपण बाजूला ठेवला: हे सात गडी येतात कोठून?

ते सोडतीतून येतात. जपानमध्ये दुकानांच्या दारात एक यंत्र असते. नाणे टाकून मूठ फिरवली, की एक डबी बाहेर पडते. आत कोणते खेळणे आहे ते डबी उघडल्यावरच कळते. मूठ फिरवण्याच्या आवाजावरून त्या प्रकाराला ‘गाचा’ नाव पडले. या खेळात नाण्याऐवजी ‘ड्रॅगन स्टोन’ नावाचे खडे असतात. खेळत राहिल्यास ते फुकट मिळतात. धीर नसेल तर पैसे देऊन घेता येतात. पाच खड्यांना एक सोडत, पन्नासांना दहा.

उदाहरणादाखल धरू, की हव्या असलेल्या पात्राची शक्यता दर सोडतीत दोनशेत एक आहे. दोनशे सोडती काढल्या, म्हणजे हजार खडे घातले, तर ते मिळायलाच हवे असे आपले मन म्हणते. गणित तसे म्हणत नाही. प्रत्येक सोडतीत ते न मिळण्याची शक्यता दोनशेत एकशे नव्व्याण्णव. ही संख्या स्वतःशी दोनशे वेळा गुणली, तर उत्तर सुमारे ०.३७ येते. म्हणजे दोनशे सोडती काढणाऱ्या शंभर खेळाडूंपैकी सुमारे सदतीस जण रिकाम्या हाताने परततात. चारशे सोडतींनंतरही सुमारे तेरा जण तसेच राहतात. शिवाय पात्र एकदा मिळून भागत नाही. त्याची सारी सुप्त शक्ती खुली करायची तर तेच पात्र आणखी चार वेळा यावे लागते. एकूण पाच वेळा. वरच्या हिशेबाने सरासरी हजार सोडती.

याहून वाईट प्रकार एके काळी जपानमध्ये होता. ‘पूर्ण संचाची गाचा’ म्हणून तो ओळखला जाई. सोडतीतून ठरावीक वस्तूंचा सबंध संच जमवला, तरच मोठे बक्षीस मिळे. सहा वस्तू असतील, प्रत्येकीची शक्यता सारखीच असेल, आणि पाच जमल्या असतील, तर उरलेल्या एकट्या वस्तूसाठी सरासरी आणखी सहा सोडती लागतात. नेमक्या याच वेळी ‘आता एकच राहिली’ ही भावना सर्वांत तीव्र असते. २०१२ साली तेथील ग्राहक व्यवहार संस्थेने, १९६२ च्या कायद्याचा आधार घेऊन, हा प्रकार बेकायदा असल्याचे स्पष्ट केले. साधी गाचा मात्र चालू राहिली. बेल्जियममध्ये २०१८ साली, पैसे घेऊन उघडायच्या अशा नशिबाच्या पेट्यांना जुगाराच्या कायद्याखाली आणण्यात आले.

स्मरण असलेला आणि नसलेला नियम

माझ्या मते या खेळातील खरा भेद येथे आहे. फेरीला स्मरण असते. पहिल्या फेरीत केलेली मांडणी तिसऱ्या फेरीत परत येते. चुकीची शिक्षा मिळते, शहाणपणाचे फळ मिळते, आणि म्हणून माणूस शिकतो. सोडतीला स्मरण नसते. मागच्या शंभर सोडती रिकाम्या गेल्या याची तिला दखल नाही. एकशे एकावी सोडत पहिलीइतकीच कोरी असते. तिच्यात शिकण्यासारखे काही नाही आणि चिकाटीला तिच्याकडे बक्षीसही नाही.

अडचण अशी, की दोन्ही नियम एकाच पडद्यावर, तेच रंग आणि तीच पात्रे घेऊन समोर येतात. त्यामुळे फेरीत कमावलेला आत्मविश्वास आपण नकळत सोडतीत घेऊन जातो. ‘एवढा प्रयत्न केला, आता फळ मिळेलच’ हे वाक्य फेरीत खरे आहे, सोडतीत खोटे. आमच्यासारख्यांना ही गोष्ट लहानपणापासून घरात शिकवलेली असते, की कष्ट करणाऱ्याला उशिरा का होईना फळ मिळते. त्या शिकवणीच्या जोरावर तर आम्ही येथवर आलो. तीच शिकवण सोडतीसमोर आपला घात करू शकते. घरून मेससाठी खात्यावर आलेले पैसे ज्या क्षणी खड्यांत जातात, तो क्षण बहुधा हावेचा नसतो, चिकाटीचा असतो. म्हणूनच तो ओळखणे अवघड जाते.

सोंगट्यांच्या खेळातही दान नशिबाचे असते, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण तेथे दान सर्वांच्या देखत पडते, दोघांना सारखेच फासे असतात, आणि पडलेल्या दानाचे काय करायचे ते आपण ठरवतो. येथे ज्याच्याकडे पैसा जास्त त्याला फासे जास्त. नव्या लढाया जुन्या पात्रांना जड जातील अशा रचल्या जातात, तेव्हा केवळ मांडणीच्या बळावर सगळीकडे जिंकता येत नाही, हेही मान्य केले पाहिजे. उलट बाजूने एवढे सांगायला हवे, की जुन्या पात्रांना नवे बळ देणाऱ्या खास लढायाही खेळात येत राहतात. ज्याने जुने गडी जपून ठेवले, त्याला काही काळाने त्यांचा उपयोग होतो.

तेव्हा खेळ खेळावा की खेळू नये, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. खेळणाऱ्याने मात्र आपण या क्षणी कोणत्या नियमाच्या राज्यात आहोत, हे दर वेळी स्वतःला विचारावे. फुकट मिळालेले खडे साठवावेत. सोडतीपुढे जाताना किती खड्यांवर थांबायचे ते आधी कागदावर लिहावे आणि तेथे थांबावे. आणि लढाई सुरू झाली, की पहिल्या दोन फेऱ्यांत घाई करू नये. तिसऱ्या जागेवर कोणाला ठेवायचे, ते तेव्हाच ठरत असते.